केस पिकतात म्हणजे काय होतें?

कालिदासाच्या रघुवंशांत बाराव्या सर्गाच्या आरंभीं दशरथ राजा वृद्ध झालेला आहे. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत, आणि कवीची कल्पना अशी कीं, पांढऱ्या केसाचें निमित्त करून प्रत्यक्ष जराच राजाच्या कानाशीं आली आणि राज्य आतां रामाला द्यावें असें कुजबुजून गेली. ही कल्पना रम्य तर आहेच. परंतु तिच्यांत निरीक्षणाचाहि एक बारीक धागा आहे. पुरुषांचे केस बहुधा प्रथम कानशिलांजवळच पांढरे होऊं लागतात. टाळूवरचे त्यानंतर आणि मानेकडचे सर्वांच्या मागून. कवीनें कान निवडला तो डोळे उघडे ठेवून निवडला, असेंच म्हणावें लागेल.

बौद्ध जातककथांतील मखादेव राजानें आपल्या न्हाव्याला सांगूनच ठेविलें होतें कीं, डोक्यांत पहिला पांढरा केस दिसेल त्या दिवशीं तें कळवावें. पुष्कळ काळानें तो दिवस उगवला. न्हाव्यानें सोन्याच्या चिमट्यानें केस उपटून राजाच्या तळहातावर ठेविला, आणि राजानें ज्येष्ठ पुत्राला राज्य सोंपवून संन्यास घेतला.

आजच्या गृहस्थाला पहिल्या पांढऱ्या केसासाठीं राज्यत्याग करावा लागत नाहीं. पण आरशापुढें तो क्षणभर थबकतो खरा. त्याचें वय पन्नाशीकडे झुकलें असेल तर गोष्ट थट्टेवारी जाते. परंतु वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या भांगांत चार पांढरे केस दिसले, म्हणजे घरांत चौकशी सुरू होते. आजी तेल न लावण्याला दोष देते, वडील जागरणांना देतात, मावशी साबणाला आणि शेजारीण नळाच्या पाण्याला. लग्नाचीं बोलणीं निघालेलीं असलीं तर चिंता आणखी वाढते. बाजारांतून बाटल्या येतात, पुड्या येतात. आणि आपल्या हातून कांहीं तरी अपराध घडला आहे असें त्या बिचारीच्या मनानें घेतलें म्हणजे तिच्या दुःखांत विनाकारण भर पडते. म्हणून केस पांढरे होतात तेव्हां नेमकें काय घडतें, हें सुशिक्षित कुटुंबांनीं एकदां नीट समजून घेणें बरें.

मराठींत केस पांढरे होण्याला केस पिकणें असें म्हणतात. हा शब्दप्रयोग सहज पडलेला दिसतो. परंतु त्याचें नातें फार जुन्या विचाराशीं आहे. आयुर्वेदांत या अवस्थेला पलित असें नांव आहे. क्रोध, शोक आणि श्रम यांनीं वाढलेली शरीरांतील उष्णता व पित्त हीं मस्तकांत जाऊन केसांना पक्व करितात, असें सुश्रुतानें तिचें कारण दिलें आहे. फळ जसें उष्णतेनें पिकतें, तसा केसहि पिकतो, असा हा विचार. आजच्या शास्त्राला पित्ताचें हें कारण मान्य नाहीं. परंतु ही क्रिया केसाच्या मुळाशीं घडते आणि मनाच्या तापाचा तिच्याशीं कांहीं संबंध असावा, या दोन गोष्टी प्राचीन वैद्यांच्या ध्यानांत आल्या होत्या, हें नमूद करण्यासारखें आहे.

आतां केसाची रचना पाहूं जातां पहिली गोष्ट अशी आढळते कीं, डोक्यावर जो केस दिसतो तो निर्जीव असतो. नखांप्रमाणेंच तो केरॅटिन नांवाच्या कठीण प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा जिवंत भाग त्वचेखालीं तीन-चार मिलिमीटर खोल असतो. तेथें विहिरीसारखी एक निमुळती खळगी असते. तिला केशकूप म्हणतात. त्या कूपाच्या तळाशीं कांद्याच्या आकाराचा एक फुगीर भाग असून त्यांत नव्या पेशी सतत तयार होत असतात. खालच्या पेशी वरच्यांना ढकलतात, वरच्या पेशी हळूहळू कठीण होऊन मरतात, आणि त्यांचाच तंतु होऊन केसाच्या रूपानें बाहेर पडतो. माणसाच्या डोक्यावर असे सुमारें एक लाख केस असतात, आणि प्रत्येक केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो.

केरॅटिनला स्वतःचा रंग नसतो. मग काळेपणा येतो कोठून? केशकूपाच्या तळाशीं केस घडविणाऱ्या पेशींच्या शेजारींच दुसऱ्या एका जातीच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना रंगपेशी म्हणतां येईल. एखाद्या मागावर विणकरानें सूत विणावें आणि शेजारीं बसलेल्या रंगाऱ्यानें तें विणतां विणतांच रंगवून द्यावें, असा हा प्रकार आहे. टायरोसिन नांवाच्या अमिनो आम्लापासून, टायरोसिनेज नांवाच्या विकराच्या साह्यानें, या रंगपेशी मेलॅनिन हें रंजकद्रव्य तयार करितात आणि त्याचे बारीक कण केसाच्या पेशींना देतात. मेलॅनिनच्या दोन जाती आहेत. एक काळसर-तपकिरी, दुसरी तांबूस-पिंवळी. या दोहोंच्या कमीअधिक प्रमाणामुळें जगांत काळे, तपकिरी, सोनेरी आणि लाल केस दिसतात. हिंदुस्थानांतील बहुतेक लोकांच्या केसांत पहिल्या जातीचें द्रव्य विपुल असतें.

रंगाऱ्यानें काम थांबविलें म्हणजे विणकर कांहीं थांबत नाहीं. केस वाढतच राहतो. पण तो बिनरंगी येतो. येथें एक शंका कोणाच्याहि मनांत यावी. बिनरंगी वस्तु पारदर्शक दिसावयास हवी. केस पांढरा कां दिसतो? याचें उत्तर स्वयंपाकघरांतच आहे. खडीसाखरेचा स्वच्छ खडा उजेडापुढें धरला तर त्यांतून प्रकाश आरपार जातो. तोच खडा खलांत कुटला म्हणजे शुभ्र पीठ होतें. त्यांत पांढरा रंग कोणी घातलेला नसतो. असंख्य बारीक कणांवर आपटून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून तें पांढरें दिसतें. केसांतील सूक्ष्म तंतु आणि पोकळ्या यांवर प्रकाश असाच विखुरतो. डोक्यावर जो करडा रंग दिसतो, तोहि बहुतांशीं काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या मिश्रणाचा भास असतो. तांदूळ आणि काळे उडीद एकत्र कालवून दुरून पाहावें, त्यांतला हा प्रकार.

तर मुख्य प्रश्न असा कीं, रंगपेशी काम कां सोडतात? हें समजण्यासाठीं केसाचें जीवनचक्र ध्यानांत घेतलें पाहिजे. डोक्यावरचा केस एकसारखा वाढत राहत नाहीं. दोन ते सहा वर्षें तो वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचें मूळ आंखडतें. नंतर सुमारें तीन महिने तो नुसता विश्रांति घेतो आणि शेवटीं गळून पडतो. रोज पन्नासपासून शंभरपर्यंत केस गळणें हें यामुळेंच स्वाभाविक आहे. फणींत आलेला असा केस उजेडांत धरून पाहिला तर त्याच्या मुळाशीं एक लहान फिकट गांठ दिसते. पुष्कळ लोक ती पाहून घाबरतात व केस मुळासकट उपटून आला असें समजतात. वास्तविक केसाची वाढ संपत आली म्हणजे रंगाचा पुरवठा आधीं बंद होतो, म्हणून त्याचें टोंक फिकट असतें. केशकूप जागच्या जागीं शाबूत असतो आणि त्यांतून पुढें नवा केस उगवतो.

या प्रत्येक नव्या उगवणीच्या वेळीं जुन्या रंगपेशी बहुतेक नष्ट झालेल्या असतात आणि नव्या भरती कराव्या लागतात. ही भरती होते ती केशकूपाच्या वरच्या भागांत राखून ठेवलेल्या मूळपेशींतून. मूळपेशी हें एक प्रकारचें बियाणें आहे. शेतकरी ज्याप्रमाणें पुढील हंगामासाठीं बीं वेगळें काढून ठेवितो, त्याप्रमाणें शरीर हें बियाणें जपून ठेवितें. रंगपेशींच्या अशा मूळपेशी केशकूपांत नेमक्या कोठें असतात याचा शोध सन २००२ मध्यें एमी निशिमुरा या जपानी संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं उंदरांत लावला. पुढें २००५ मध्यें, अमेरिकेंत केलेल्या संशोधनांत, असें दिसून आलें कीं वाढत्या वयाबरोबर हें बियाणें कमी कमी होत जातें, आणि कांहीं मूळपेशी तर आपल्या राखीव जागीं असतांनाच अवेळीं रंगपेशी बनून खर्ची पडतात. बीं संपलें म्हणजे पुढील पेरणी कोठून होणार? त्या कूपांतून त्यानंतर येणारा केस पांढराच येतो. केस घडविणाऱ्या मूळपेशी मात्र यांच्याहून अधिक काळ टिकतात. म्हणूनच पांढऱ्या केसांचें डोकें भरगच्चहि असूं शकतें.

२०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं या चित्रांत आणखी एक तपशील भरला. रंगाच्या मूळपेशी केशकूपांत दोन जागांमध्यें ये-जा करितात. एका जागीं त्या बीं म्हणून राहतात व दुसऱ्या जागीं आल्यावर रंगपेशी होण्याची आज्ञा त्यांना मिळते. उंदरांचे केस वारंवार उपटून त्यांचे कूप मुद्दाम म्हातारे केले, तेव्हां जवळजवळ निम्म्या मूळपेशी मधल्या एका जागींच अडकून पडलेल्या आढळल्या. त्या जिवंत होत्या. पण कामावर जाऊं शकत नव्हत्या. माणसाच्या केसांतहि असेंच घडतें काय, हें अजून ठरावयाचें आहे.

बियाणें संपणें हें एक कारण झालें. दुसरें कारण, ज्या रंगपेशी कामावर असतात त्यांच्याच कारखान्यांत बिघाड होणें हें होय. शरीराच्या नेहमींच्या व्यापारांत हायड्रोजन पेरॉक्साइड हें द्रव्य थोड्या प्रमाणांत तयार होतच असतें. केस फिके करण्यासाठीं केशभूषेच्या दुकानांत वापरतात तेंच हें द्रव्य. तरुण शरीरांत कॅटॅलेज नांवाचें विकर त्याचें पाणी व प्राणवायु यांत रूपांतर करून टाकितें. पांढऱ्या केसांच्या कूपांत हें विकर फार कमी पडतें आणि पेरॉक्साइड सांचत जातें, असें २००९ मध्यें इंग्लंड व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. सांचलेलें हें द्रव्य टायरोसिनेजलाच निकामी करितें. रंगाऱ्याच्या हातांतलें मुख्य हत्यारच बोथट झाल्यावर रंग कसा उमटावा?

हें सर्व कोणाच्या बाबतींत लवकर व कोणाच्या बाबतींत उशिरां घडावें, हें मुख्यतः आनुवंशावर अवलंबून असतें. आईबापांपैकीं एकाचे केस तिशीच्या आंत पांढरे झाले असतील तर मुलांचेहि तसेच होण्याचा संभव बराच. २०१६ मध्यें लॅटिन अमेरिकेंतील सहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, तींत केस पांढरे होण्याशीं संबंध असलेला पहिला जनुक सांपडला. त्याचें नांव आयआरएफ-४. अर्थात् ही एका जनुकाची करणी नाहीं. अनेकांचा तो एकत्र परिणाम आहे. वंशपरत्वेंहि फरक पडतो. सामान्यतः युरोपीय लोकांत पस्तिशीच्या सुमारास, आशियाई लोकांत चाळिशी जवळ येतांना आणि आफ्रिकी लोकांत पंचेचाळिशीच्या सुमारास पांढरे केस दिसूं लागतात. म्हणून हिंदुस्थानी माणसाचे केस पंचविशीच्या आंत पांढरे होऊं लागले तरच त्याला अकालीं पिकणें असें वैद्य म्हणतात.

पन्नासाव्या वर्षीं निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे होतात, असा एक ठोकताळा पुष्कळ दिवस प्रचारांत होता. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत जगाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारें ४,२०० निरोगी माणसें तपासण्यांत आलीं. ४५ ते ६५ या वयांतील शेंकडा ७४ लोकांच्या डोक्यांत पांढरे केस होते खरे. परंतु पन्नाशींत निम्मे डोकें पांढरें झालेले लोक, देश व वंश यांप्रमाणें, शेंकडा ६ ते २३ एवढेच भरले. जुना ठोकताळा पुष्कळच फुगविलेला होता, हें उघड झालें.

काळजीनें केस पांढरे होतात, ही समजूत सर्व देशांत आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला १७९३ मध्यें देहान्त शासन झालें. त्यापूर्वीं दुःखानें तिचे केस एका रात्रींत पांढरे झाले, अशी आख्यायिका आहे. एकदां त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्यांतील अशक्यता लक्षांत येते. भीति वाटली म्हणून बाहेर आलेल्या केसांतील रंग निघून जात नाहीं. परंतु चाईसारखा एक विकार असा आहे कीं, त्यांत रंगीत केस थोड्या दिवसांत झपाट्यानें गळतात आणि पूर्वींचे पांढरे तेवढे मागें राहतात. अशा वेळीं काळेपांढरे डोकें अल्पावधींत पांढरें झालेलें दिसतें. अशा कांहीं कथांचा उगम त्यांत असावा, असें वैद्यांना वाटतें.

तथापि मनाच्या तापाचा केसांशीं मुळींच संबंध नाहीं, असेंहि नव्हे. २०२० मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं काळ्या उंदरांना तीव्र वेदना व ताण दिला, तेव्हां केशकूपांपर्यंत पोंचलेल्या मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनॅलिन हें द्रव्य सुटलें, आणि राखीव मूळपेशी एकदम कामाला लागून थोड्याच दिवसांत संपून गेल्या. सर्व बीं एकाच दिवशीं पेरून टाकावें तसें तें झालें. माणसांच्या बाबतींत २०२१ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळें बारा सेंटिमीटर लांब केस म्हणजे एका वर्षाची रोजनिशीच होय. चौदा माणसांचे केस घेऊन त्यांवरील रंगाच्या छटा सूक्ष्मपणें मोजल्या, तेव्हां कांहीं केस टोंकाला पांढरे व मुळाशीं पुन्हा रंगीत झालेले आढळले. एका व्यक्तीचे पांच केस तर सुटींत प्रवासाला गेली असतां पुन्हा काळे होऊं लागले होते. पण यावरून सुटी घेतल्यानें म्हातारपण परततें, असा अर्थ कोणीं काढूं नये. जे केस नुकतेच उंबरठ्यावर असतात त्यांतील क्वचित् एखादाच मागें फिरतो. पुष्कळ वर्षें पांढरा असलेला केस फिरत नाहीं.

आतां त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीकडे वळावें. तिला दोष देण्यापूर्वीं आईवडिलांनीं आपले तरुणपणींचे फोटो काढून पाहावेत. बहुधा उत्तर तेथेंच सांपडेल. तसें नसेल, आणि केसांबरोबरच थकवा येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, धाप लागत असेल किंवा चेहरा फिका पडला असेल, तर तेलाची बाटली आणण्याऐवजीं डॉक्टरांकडे जावें. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेनें अकालीं केस पांढरे होऊं शकतात. हें जीवनसत्त्व मांस, मासे, अंडीं व दूध यांतून मिळतें. भाजीपाला आणि कडधान्यें यांत तें नसतें. म्हणून ज्या शाकाहारी घरांत दूधदहींहि बेताचेंच असतें, तेथें रक्ताची साधी तपासणी करून घेणें शहाणपणाचें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडानेंहि असें होतें. या कारणांवर उपचार झाला असतां कित्येकदां केसांचा रंग परत येतो. आणि आला नाहीं तरी मूळ विकार वेळेवर कळला, हा लाभ मोठा. पुरुषांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: तंबाखू ओढणाऱ्यांत केस लवकर पांढरे झालेले अनेक पाहण्यांत आढळले आहे.

राहिले घरगुती उपाय. माका, आवळा, जास्वंद यांच्या तेलानें केस मऊ व तुकतुकीत होतात, हें खरें; पण संपलेलें बियाणें तेलानें पुन्हा उगवतें, याला पुरावा नाहीं. एक पांढरा केस उपटला म्हणजे त्याच्या जागीं सात येतात, हीहि समजूत निराधार आहे. एका कूपाचा शेजारच्या कूपाशीं कांहीं देणें-घेणें नसतें. केस पांढरे होण्याच्या दिवसांतच लोक ते उपटतात, आणि पुढले केस आपल्या क्रमानें येतातच. त्यावरून हा ग्रह झाला. मात्र पुनःपुन्हा उपटल्यानें कूप दुखावून तेथें केसच येईनासा होण्याचा संभव असतो.

ज्यांना केस रंगवावयाचे आहेत त्यांनीं ते खुशाल रंगवावे. परंतु काय लावतों हें जाणून लावावें. मेंदीच्या पानांतील द्रव्य केरॅटिनला घट्ट चिकटतें आणि पांढऱ्या केसाला तांबूस रंग देतें. पण निव्वळ मेंदीनें केस काळाभोर होत नाहीं. १९०७ मध्यें पॅरिसमधील युजेन शुएलेर या रसायनशास्त्रज्ञानें कृत्रिम केशरंग तयार केला, तेव्हांपासून अशा रंगांचा प्रसार झाला. आजच्या बहुतेक काळ्या रंगांत, आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांतहि, पॅराफेनिलिनडायअमाइन हें द्रव्य असतें. कांहीं लोकांना त्यानें खाज सुटते, फोड येतात, डोळे व चेहरा सुजतो. म्हणून रंग प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. पूर्वीं एकदां त्रास झाला असल्यास तो पुन्हा लावूंच नये. हें द्रव्य पोटांत गेल्यास जिवावर बेततें. तेव्हां पुडी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावी.

सारांश, पांढरा केस हा अभ्यासाचा, साबणाचा किंवा नळाच्या पाण्याचा दोष नव्हे. प्रत्येक कूपांत रंगाचें बियाणें मोजकें असतें. कोणाचें लवकर संपतें, कोणाचें उशिरां, आणि हा हिशेब पुष्कळसा जन्माबरोबरच ठरलेला असतो. अकालीं संपलें तर कारण शोधावें, रक्त तपासावें, धूम्रपान सोडावें. वयाप्रमाणें संपलें तर शरीर आपल्या नेमानें चाललें आहे असें समजावें. दशरथाच्या कानाशीं आलेल्या केसानें कांहीं भय घातलें नव्हतें. वेळ झाली, पुढच्या पिढीवर भार सोंपवावा, एवढेंच त्यानें सुचविलें होतें. घरांतल्या थोरांनीं तेवढेंच ऐकावें. आणि घरांतल्या मुलीच्या भांगांत चार केस पांढरे दिसले तर तिला आधीं जेवण, झोंप आणि प्रकृति यांविषयीं प्रेमानें विचारावें, लग्नाची काळजी मागाहून करावी.